बावीस मिलिमीटर

सम्राटने माप घ्यायच्या वर्नियरची टोकं शर्टाच्या बाहीवर पुसली, मुठीत धरून त्यांना जरा ऊब दिली आणि तेजस्वीच्या उजव्या दंडावरच्या व्रणाशी टेकवली.

“थंड हाय.”

“एप्रिल महिन्यात थंड लागतंय व्हय तुला?”

“लोखंड ते लोखंडच की,” ती म्हणाली आणि खिडकीबाहेर बघू लागली.

रविवारचे नऊ वाजले होते. कॉटवर उशी ठेवली होती, उशीवर तेजस्वीचा हात. उशीच्या कडेवरून तिचं मनगट खाली लोंबत होतं आणि बोटं आत वळलेली होती. एरवी मनगटाला बांधायची पट्टी सोडून बाजूला ठेवली होती. सम्राटने वर्नियर मांडीवर घेतला, बॉलपेन कानामागे अडकवलं आणि मनगटापासून कोपराच्या दिशेने एका बोटाने टिचक्या मारायला सुरुवात केली. खालून वर यायचं, वरून खाली जायचं नाही, हे रुचिताने पहिल्याच दिवशी बजावलं होतं.

रुचिता मगदूम राजारामपुरीत फिजिओथेरपीचा दवाखाना चालवायची. पहिल्या दिवशी नवराबायको दोघं गेले तेव्हा तिने कागदावर एक रेघ ओढून त्यांना समजावलं होतं. दंडाचं हाड मोडलं तेव्हा त्या हाडाला लपेटून जाणारी नस चेंगरली. नसेचं वरचं आवरण शाबूत आहे, आतले धागे मात्र गेले. आता चेंगरलेल्या जागेपासून नवे धागे फुटतील आणि त्या जुन्या आवरणातून वाट काढत खाली येतील. त्यांचं वाढतं टोक उघडं असतं. त्यावर टिचकी बसली की झिणझिण्या तिथे येत नाहीत, पार खाली अंगठ्याच्या पाठीवर येतात. मेंदूला वाटतं, अंगठ्याकडूनच निरोप आला.

“किती वाढतात रोज?” सम्राटने विचारलं होतं.

“साधारण दिवसाला एक मिलिमीटर.”

तेव्हापासून सम्राटला धीर आला होता. तो उद्यमनगरात लेथवर काम करायचा. मिलिमीटर ही त्याच्या ओळखीची गोष्ट होती. एका मिलिमीटरचे पन्नास भाग करून तो रोज दांडे कातायचा.

“आलं?”

“न्हाय.”

“आता?”

“न्हाय.”

“आता?”

तेजस्वी अजून बाहेरच बघत होती. समोरच्या दारात कुणीतरी बादलीभर पाण्याने स्कूटर धूत होतं.

“आलं,” ती म्हणाली. “अंगठ्यावर. मुंग्या आल्या बघा.”

त्याने पेनाचा ठिपका दिला. व्रणाच्या टोकापासून ठिपक्यापर्यंत वर्नियर लावला, चष्मा कपाळावर सरकवून आकडा वाचला आणि जवळजवळ उडीच मारली.

“एकशे बावीस! गेल्या रविवारी एकशे पंधरा. सात दिवसांत सात! मशीन हाय की काय तुझी नस!”

“हळू. शेजारी झोपलीत माणसं.”

“झोपू देत की!” तो स्वयंपाकघराच्या दारामागे टांगलेल्या कॅलेंडरपाशी गेला आणि रविवारच्या चौकोनात आकडा लिहिला. मागच्या आठवड्यांची वाढही त्याने पुन्हा वाचली. सात, सात, सहा, आठ, सात. असं सरळ काम त्याच्या लेथनेही कधी दिलं नव्हतं.

तेजस्वी शहर वाहतूक शाखेत कॉन्स्टेबल होती. भर चौकात उभं राहून तिने हात वर केला की मनगट मागे जायचं, पंजा समोर यायचा आणि कर्नाटकातून आलेले ट्रकसुद्धा जागच्या जागी थांबायचे. गेले सहा महिने तो पंजा वर येत नव्हता. हात खांद्यातून उचलता यायचा, पण टोकाला मनगट गळून पडायचं. तिला कार्यालयात बसवलं होतं. डाव्या हाताने ती जुनी रजिस्टरं लावायची. पुढच्या आठवड्यात वैद्यकीय मंडळापुढे जायचं होतं. सुधारणेचं लक्षण दिसलं नाही तर चौक कायमचा सुटणार होता. “मला खुर्ची नको, मला रस्ता पायजे,” असं ती एकदाच म्हणाली होती. त्यानंतर तिने तो विषय काढला नाही.

आणखी एक विषय तिने काढला नव्हता. दसरा झाल्यावर दोघं तिच्या माहेराहून, गारगोटीहून, मोटारसायकलने परत येत होते. ती मागून दोनदा म्हणाली होती, “हळू घ्या.” दुसऱ्यांदा सम्राट मान मागे वळवून म्हणाला होता, “तू चौकात न्हाईस, मागं बसलीयस.” ते वाक्य पुरं होईतो समोरच्या वळणावर खडी आली.

पुढचं त्याला तुकड्या-तुकड्यांनी आठवायचं. एका हाताने त्याने गाडी उचलून तिच्या अंगावरून बाजूला टाकली होती. तिला दोन्ही हातांवर घेऊन तो जीपपर्यंत पळाला होता. दवाखान्यात एका नर्सने त्याच्या बुटातून येणारं रक्त दाखवलं तेव्हा कळलं की त्याच्या पायाची दोन बोटं मोडली होती. तोवर त्याला काहीच जाणवलं नव्हतं.

पायाची बोटं जुळली, पण दुसरं काहीतरी जुळेना. गाडी त्याने प्लास्टिकच्या कागदाखाली झाकून ठेवली ती ठेवलीच. रस्त्यावर मागून हॉर्न वाजला की तळहात ओले व्हायचे आणि छाती धडधडायची. तेजस्वीने त्याला दोष दिला असता, दोन शिव्या घातल्या असत्या, तर बरं झालं असतं. ती काहीच म्हणाली नाही.

जानेवारीत तर कहर झाला. सदतीसवर आलेली नस पुढच्या रविवारी सदतीसवरच होती. सम्राटने तीनतीनदा मोजलं. कामावर त्याने एका दिवसात तीन दांडे जास्त कातून वाया घालवले आणि मालकाने त्याला घरी पाठवलं. भाकरी ताटात तशीच राहायची.

“थांबली ती,” तो भिंतीकडे तोंड करून म्हणाला. “संपलं. माझ्यामुळं.”

त्याच आठवड्यात तेजस्वी दवाखान्यातून आली आणि पट्टीसुद्धा न सोडता त्याच्यासमोर बसली.

“रुचिताला मी तुमचं विचारलं.”

“माझं काय?”

“धडधडतंय त्याचं. ती म्हणली, प्रत्येक मूत्रपिंडाच्या डोक्यावर टोपीसारखी एक ग्रंथी असती. धोका दिसला की मेंदू नसेतनं तिला सांगतो, फोन केल्यागत, एका क्षणात. मग ती रक्तात रस सोडती. त्या रसावर तुम्ही गाडी उचलली. त्याच्यावरच मला घेऊन पळाला, मोडक्या पायानं.”

“मग?”

“मग काय, अजून सोडतीच हाय. हॉर्न वाजला की सोडती. धोका संपला म्हणून तिला कुणी सांगितलंच न्हाय.”

“कोण सांगणार?”

तेजस्वीने डाव्या हाताने ताट त्याच्यापुढे सरकवलं.

त्यानंतरच्या रविवारी आकडा आला पंचेचाळीस. आठ मिलिमीटर! सम्राटने त्या दिवशी चार भाकऱ्या खाल्ल्या. पुढच्या रविवारी बावन्न, त्याच्या पुढच्या रविवारी एकोणसाठ. त्याचा हात पुन्हा स्थिर झाला. मार्चमध्ये ठिपका कोपर ओलांडून गेला तेव्हा त्याने कारखान्यात पेढे वाटले. लेथवरची माणसं सोमवारी सकाळी आधी विचारायची, “वहिनींचं किती झालं?” आणि तो आकडा सांगायचा, क्रिकेटचा स्कोअर सांगावा तसा.

सोमवारी त्याने अर्ध्या दिवसाची रजा टाकली. एरवी तेजस्वी एकटीच दवाखान्यात जायची, पण मंडळासाठी रुचिता आज पूर्ण तपासणी करून कागद देणार होती. दोघं सिटी बसने राजारामपुरीत उतरले. सम्राटच्या काखेत कॅलेंडरची गुंडाळी होती.

“हे कशाला घेतलंय?” तेजस्वीने जिन्यात विचारलं.

“रुचिताला दाखवायला. असला रेकॉर्ड तिनं बघितला नसंल.”

तो दोन पायऱ्या वर गेला तरी ती तशीच उभी राहिली.

“तुम्ही खाली थांबा की. आत लई गर्दी असती.”

“ते चालायचं न्हाय. आज मी बघणार.”

आत गर्दी अशी नव्हतीच. खिडकीपाशी पिराजी नावाचे एक म्हातारे गृहस्थ आखडलेला खांदा सोडवण्यासाठी कप्पीवरची दोरी वर-खाली ओढत होते. कोपऱ्यात बाळाबाई गुडघ्याला शेक घेत बसल्या होत्या. रुचिताने सम्राटला बघून हात जोडले.

“या की दादा! किती दिवसांनी! ताई, झोपा. डोळे मिटा.”

तेजस्वी टेबलावर झोपली आणि तिने डोळे मिटले. रुचिताने मनगटापासून टिचक्या मारायला सुरुवात केली. सम्राट जवळ उभा राहिला. कालचा ठिपका पुसट झाला असला तरी त्याला दिसत होता. रुचिताचं बोट अजून त्याच्या बरंच खाली होतं, इतकं खाली, की त्याने अजून श्वाससुद्धा धरला नव्हता.

“आलं,” तेजस्वी अगदी हळू म्हणाली.

रुचिताने टेप लावली. “चौदा पॉइंट चार. मस्त!”

“थांबा,” सम्राट म्हणाला. “चौदा पॉइंट चार म्हणजे एकशे चव्वेचाळीस. काल एकशे बावीस होतं. परत बघा जरा.”

रुचिताने परत बघितलं. तेवढंच आलं.

“तुमची टेप सैल असंल.”

“टेप कशी सैल असंल दादा? हे बघा ना.” तिने फाईल उघडून त्याच्यापुढे धरली. “कोपर तर फेब्रुवारीतच ओलांडलं होतं. ताईंनी सांगितलं नाही?”

सम्राटने फाईल हातात घेतली. दर आठवड्याची तारीख आणि समोर मिलिमीटरमध्ये आकडा. सदतीस. सदतीस. मग एकदम एक्कावन्न. मग बावन्न. मग चौसष्ट. कुठे उडी, कुठे जागच्या जागी. काखेतलं कॅलेंडर उघडायची त्याला गरज नव्हती, ते आकडे त्याला पाठ होते. सात, सात, सहा, आठ, सात. कातलेल्या लोखंडाचं माप असं येतं. जिवंत वस्तूचं येत नाही, हे आपल्याला, रोज मापं घेणाऱ्या माणसाला, तीन महिने कसं दिसलं नाही?

एका दिवसात बावीस मिलिमीटर नस वाढत नाही.

त्याने तेजस्वीकडे बघितलं. तपासणी संपली होती तरी तिने डोळे मिटलेलेच ठेवले होते.

“आता उठून बसा ताई,” रुचिता म्हणाली. तिने एक गुळगुळीत फळी टेबलावर ठेवली, तिच्यावर पावडर शिंपडली आणि तेजस्वीचा हात आडवा, अंगठा वर करून फळीवर ठेवला. “असा ठेवला की हाताचं वजन स्नायूला उचलावं लागत नाही, नुसतं सरकवायचं. आता मनगट मागं न्या. पाठीच्या बाजूला. मनातनं न्या.”

तेजस्वीने ओठ आवळले. काही झालं नाही.

“खांदा नका उचलू. पुन्हा.”

कप्पीची दोरी थांबली. पिराजी तिथूनच बघत होते.

“पुन्हा.”

कोपराच्या जरा खाली, बाहेरच्या अंगाला, कातडीखाली काहीतरी उसळलं आणि बसलं. सम्राटला ते दिसलं. रुचितालाही दिसलं, कारण तिने पटकन तिथे बोटं ठेवली.

“आलाय! स्नायू आलाय! सोडू नका ताई, अजून, अजून!”

तेजस्वीच्या कपाळावरची शीर उभी राहिली. आणि तिचा पंजा पावडरीवरून सरकला. एक बोटभर, मग दोन बोटं. मागे. स्वतःहून. फळीवर त्याची पांढऱ्यातली रेघ उमटली.

“हाललं!” सम्राट ओरडला. खालच्या मजल्यावरच्या क्लासमध्ये ऐकू जावं एवढ्या मोठ्याने ओरडला. “हाललं! अगं हाललं की!”

“काय झालं पावणं?” पिराजी दोरी सोडून आलेच. “बघू, बघू. परत करा की बाई एकदा.”

तेजस्वीने परत केलं. या वेळी पंजा लवकर सरकला.

“आयला!” पिराजी म्हणाले. “कुठल्या म्हणायच्या तुम्ही?”

“माहेर गारगोटी.”

“मग बरोबर हाय! आमच्या गारगोटीचा हात, हालल्याशिवाय ऱ्हातोय व्हय?”

“मला कुणी दाखवशीला का न्हाय?” कोपऱ्यातून बाळाबाईंनी आवाज दिला. गुडघ्यावर शेक होता, त्यांना उठता येत नव्हतं. मग सम्राट आणि रुचिताने मिळून फळी उचलली, तेजस्वी फळीवर हात तसाच ठेवून बरोबर चालत गेली, आणि बाळाबाईंच्या डोळ्यांदेखत तो पंजा तिसऱ्यांदा सरकला. बाळाबाईंनी कडाकडा बोटं मोडली. तेजस्वी हसत होती. सहा महिन्यांत सम्राटने तिला असं, सगळे दात दिसेपर्यंत, हसताना बघितलं नव्हतं.

“पहिला स्नायू आला,” रुचिता डोळे पुसत म्हणाली. “आता वजनासकट वर उचलायला दीड-दोन महिने लागतील. बोटं त्याच्यानंतर, अंगठा सगळ्यात शेवटी. पण वाट उघडली ताई. मंडळाला मी आजच लिहून देते.”

सम्राट खुर्चीवर बसला. त्याचे तळहात ओले झाले होते, छाती धाडधाड वाजत होती, कानात रक्त उसळत होतं. तो घाबरून छातीला हात लावणार, तेवढ्यात थांबला.

“रुचिता, ह्यो तोच रस हाय काय? टोपीतला?”

तिने त्याच्या मनगटावर बोटं ठेवून नाडी बघितली आणि हसली. “तोच. आनंदालाही तोच लागतो दादा. त्याच्याकडं दुसरा नाही.”

कागद मिळाला. जिना उतरून दोघं रस्त्यावर आले. उन्हं तापली होती. कोपऱ्यावर उसाच्या रसाचं दुकान होतं. दोघं आत बाकावर बसले. सम्राटने आलं-लिंबू घालून दोन पेले सांगितले. घुंगरं वाजवत चरक फिरला, थांबला, पेले आले. तेजस्वीने डाव्या हाताने पेला उचलला. तिचा उजवा हात मांडीवर होता, आणि पट्टीतल्या पट्टीत ती मनगट मागे न्यायचा प्रयत्न करत होती, हे त्याला दिसत होतं.

“बावीस,” तो म्हणाला.

“व्हय.”

“जानेवारीपासनं?”

तिने पेला खाली ठेवला. “त्या रविवारी चौदा आलतं. तुम्ही टिचकी मारली आणि मला मुंग्या आल्या. बोलणार हुते. मग तुमचं तोंड बघितलं. म्हटलं, हे सगळं एकदम दिलं आणि पुढच्या रविवारी नस परत थांबली, तर तवा काय द्यायचं? म्हणून तुमचं बोट वर येऊस्तोवर गप बसले. आठ दिलं. सहा ठेवलं.”

“आणि थांबली काय परत?”

“दोनदा. एकदा फेब्रुवारीत, एकदा होळीला.”

होळीचा रविवार सम्राटला चांगला आठवत होता. आकडा सात होता. तो दिवसभर शीळ वाजवत होता आणि पुरणाच्या पोळ्या त्याने लाटून दिल्या होत्या. समोर बसून ती त्या पोळ्या भाजत होती, डाव्या हाताने. त्या दिवशी तिची स्वतःची नस थांबलेली होती आणि ते फक्त तिलाच माहीत होतं.

चरकात पुन्हा ऊस गेला. रस्त्यावर मागून कुणीतरी लांबलचक हॉर्न वाजवला.

“त्या दिवशी,” सम्राट म्हणाला. “वळणाच्या आधी. तू हळू म्हणलीस.”

“म्हटलतं मी.”

“दोनदा.”

“दोनदा.”

“मी ऐकलं न्हाय.”

“न्हाय ऐकलं,” तेजस्वी म्हणाली. सरळ त्याच्याकडे बघून म्हणाली, आवाज चढवला नाही की उतरवला नाही. मग तिने त्याच्या पेल्याकडे हनुवटी केली. “घ्या की. बर्फ वितळायलाय.”

सम्राट वाट बघत राहिला. छाती आता वाजेल, तळहात ओले होतील, असं त्याला वाटत होतं. सहा महिने तो ह्याच एका वाक्याला भीत आला होता. ते येऊन समोर बसलं होतं आणि त्याच्याशेजारी थंड रसाचा पेला होता. काहीच झालं नाही. त्याने पेला उचलून एका दमात अर्धा केला.

मग त्याला हसू आलं. आधी नाकातल्या नाकात, मग असं मोठ्याने की रसवाल्याने मान वर करून बघितलं.

“पेढे वाटले की गं मी! कोपर ओलांडलं म्हणून!”

“मीपण खाल्ला की एक. चांगले हुते.”

“आणि कारखान्यात सांगत सुटलो, मशीन हाय म्हणून!”

“मी काय सांगू मग? तुमची मशीन बिघडलीय म्हणून?”

तो डोळ्यांतलं पाणी पुसत हसत राहिला. हसू ओसरलं तेव्हा त्याने बाक थोडा पुढे ओढला आणि तिच्या पट्टीवर, मनगट जिथे आतल्या आत धडपडत होतं तिथे, आपला हात ठेवला.

“खरं सांग,” तो म्हणाला. “अजून काय ठेवलंयस बाजूला?”

तेजस्वीने उरलेला रस संपवला, पालथ्या हाताने ओठ पुसले.

“हाय थोडं,” ती म्हणाली, आणि रसवाल्याला आणखी दोन पेले सांगितले.